टांकसाळीची चूक की मागाहूनची नासधूस?

नाकाडोंगरीच्या बाजारात सुटे पैसे मोजताना कधी एखादे चमत्कारिक नाणे हाती येते. शेजारचा लगेच सांगतो, "जपून ठेवा, टांकसाळीची चूक आहे, हजारो रुपये मिळतील!" नाणे डबीत जाते आणि घरात आशा शिरते. याच आशेपायी गाठचे पैसे देऊन असली नाणी विकत घेणारेही आहेत, आणि आम्हांला काळजी वाटते ती त्यांची.

नाणे घडते कसे ते आधी पाहू. धातूच्या पत्र्यातून गोल चकत्या कापतात, त्यांची कड उठवतात. मग चकती दोन पोलादी ठशांमध्ये येते, भोवती पोलादी कडे असते. दाब पडला की धातू ठशाच्या खोलगट रेषांत शिरतो. टांकसाळीच्या चुका व्हायच्या त्या एवढ्याच खटाटोपात. तेव्हा नाणे हाती घेऊन एकच विचारावे: हे यंत्रात घडणे शक्य होते काय?

ठशाला तडा गेला तर त्यात धातू शिरून नाण्यावर उंच रेघ उठते. ओरखडा मात्र खोल असतो. नखालाही हा भेद कळतो. चकती सरकली तर चित्र एका अंगाला जाते, बाकी जागा कोरी राहते, पण वजन पुरे भरते. पत्रा कापतानाच चंद्रकोरीएवढा तुकडा गेला असेल, तर वजन घटते आणि बहुधा बरोबर समोरची कडही अंधुक उठते. कारण एकीकडे खाच असली की कड उठवताना समोरही दाब बसत नाही. कानशीने नाणे घासणाऱ्याला हे सुचतही नाही.

संग्राहक ज्याला 'लक्खी' म्हणतात त्याची गंमत निराळी. आधीचे नाणे वरच्या ठशाला चिकटून राहते आणि पुढच्या चकतीवर तेच दाबले जाते. त्यामुळे एका बाजूला नेहमीचे चित्र, तर दुसरीकडे तेच चित्र उलटे आणि खोल. दोन नाणी वाइसमध्ये आवळूनही उलटी अक्षरे उमटवता येतात. पण तिथे मूळचे चित्र चेपलेले खाली दिसते.

तुमसर-तिरोडी लोहमार्गाच्या रुळावर पोरांनी ठेवलेले नाणे पसरते, पातळ होते; त्याला टांकसाळ काय करणार? 'शोले' (१९७५) मधल्यासारखे दोन्हीकडे छापा असलेले नाणे मिळाले, तर कडेच्या आतल्या बाजूने सांधा शोधावा. दोन नाणी कोरून जोडलेली असतात.

शिवराईची गोष्ट मात्र वेगळी. हाताने पाडलेल्या त्या तांब्याच्या नाण्यांत ठसा पुष्कळदा चकतीहून मोठा असे. 'श्री राजा शिव' ही अक्षरे अर्धवट दिसली म्हणून कुणी जादा किंमत सांगू लागला, तर देऊ नये.

आणि घरातला चांदीचा रुपया? तो १८० ग्रेनचा, म्हणजे एक तोळ्याचा. कडेला उंचवटा दिसला तर ती बहुधा आजीच्या माळेच्या कडीची डाक असते. संग्राहक त्याला कमी भाव देईल. तो घासून काढू नका. घासल्याने उरलेला भावही जातो.