एकाच ढगाची तीन घरं

जुलैतला रविवार. मी बेळगावच्या वडगावात खिडकीशी चहा पीत बसलोय. बाहेर भुरभुर चाललीय. छत्री उघडावी तर लाज वाटते, न उघडावी तर डोकं भिजतं, असला पाऊस.

कणकुंबीच्या आत्तीला फोन लावला.

"मोठ्यानं बोल रे! पत्र्यावर काय वाजतंय ऐकू येतंय न्हवं? आठ दिस झाले, सूर्य बघितला नाही. कपडे चुलीवरच्या काठीवर वाळत घातलेत. शाळेच्या शर्टाला धुराचा वास मारतोय म्हणून पोरगं रुसून बसलंय. म्हातारा काय दमत नाही बघ!"

म्हातारा म्हणजे आत्तीचे यजमान नव्हेत हं. पुनर्वसू नक्षत्रातला पाऊस तो तरणा आणि त्याच्या पाठोपाठ पुष्य नक्षत्रात येतो तो म्हातारा, अशी आमच्याकडची शेतकऱ्यांची नावं आहेत.

मग निपाणीच्या मामाला फोन.

"पाऊस? ऊन पडलंय की चक्क! सकाळी एक सर आली, धूळ बसवून गेली. सोयाबीनची भांगलण चाललीय. तू कधी येतोस?"

दिवस तोच, वेळ तीच. कणकुंबी ते निपाणी अंतर किती? बेळगाववरून गेलात तर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. आत्तीनं सकाळची बस पकडली तर दुपारचं जेवण मामाकडे. एवढ्या अंतरात पाऊस जातो कुठे?

याचं उत्तर सायकलच्या चाकात आहे. खरंच. चाकात चांगली हवा भरलेली असू दे. व्हॉल्व्ह सैल करा आणि फुस्स करून बाहेर येणाऱ्या हवेपुढे बोट धरा. गार लागतं की नाही? दाबून बसलेली हवा मोकळी झाली, पसरली आणि पसरता पसरता गार झाली. आता हेच डोंगराएवढं मोठं करून बघा.

पावसाळ्यात वारा अरबी समुद्रावरून येतो तो पोटात वाफ घेऊनच. गोवा ओलांडला की समोर सह्याद्री. चोर्ला घाटातनं तुम्ही कधी आला असाल तर रस्ता कसा वळणं घेत वर येतो ते माहीत असेल (आणि मागच्या सीटवर कुणाला तरी हमखास ओकारी येते, तेही). वाऱ्याला वळणं घ्यायला सवड नसते, तो थेट चढतो. वर हवेचा दाब कमी, म्हणून वारा पसरतो आणि गार होतो. गार हवेला सगळी वाफ सांभाळता येत नाही. फ्रिजमधला तांब्या बाहेर काढून ठेवला की त्याला बाहेरून घाम फुटतो ना, तसा घाम या वाऱ्याला फुटतो. तोच घाटमाथ्यावरच्या कणकुंबीचा पाऊस.

घाटमाथा ओलांडल्यावर वारा पूर्वेला निघतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे आणि तिथून पुढे पूर्वेकडे जमीन हळूहळू उतरत जाते. उतरणारी हवा दाबली जाते, तापते. पंप मारताना नळीचं टोक कसं गरम होतं! वाफेचा बराचसा साठा घाटातच संपलेला, त्यात हवा तापलेली. मग ढग नुसतेच ऐटीत फिरतात, पडत नाहीत. आमची आज्जी अशा ढगांना "हिंडफिरे" म्हणायची.

किती फरक पडतो हे मोजायचं असेल तर एक डबा घ्या. वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचा, उभ्या भिंतींचा. झाडापासून, पागोळीपासून लांब, उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी त्यात पट्टी बुडवून पाणी किती मिलिमीटर चढलं ते लिहून काढा. यातली गंमत मला सातवीपर्यंत कळत नव्हती. मी मोठा डबा ठेवला होता, शेजारच्या पोरानं छोटा. मला वाटलं, आपलाच आकडा मोठा येणार. दोघांचं पाणी सारख्याच उंचीला! मोठ्या डब्यात पाणी जास्त पडतं खरं, पण ते पसरायला जागाही जास्त असते. म्हणून पाऊस लिटरमध्ये सांगत नाहीत, उंचीत सांगतात. एक मीटर लांब, एक मीटर रुंद अंगणात एक मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी भरतं बरोबर एक लिटर.

आता समजा, वर्षभराचा पाऊस जिथे पडला तिथेच साठून राहिला. वाहून गेला नाही, मुरला नाही, उडून गेला नाही. बेळगावात वर्षाला साधारण बाराशे-तेराशे मिलिमीटर पडतो, म्हणजे पाचवीतलं पोरगं नाकापर्यंत बुडेल. कणकुंबीला चार हजारांच्या घरात, कधी त्याच्याही वर. तिथे आत्तीच्या घराचे पत्रेसुद्धा बुडतील. निपाणी बेळगावपेक्षा कोरडी आणि त्याच बेळगाव जिल्ह्यातल्या पूर्वेच्या अथणीला पाचशे-सहाशेच, म्हणजे पोराच्या मांडीपर्यंत. जिल्हा एक, कलेक्टर एक, पाऊस मात्र छपरापासून मांडीपर्यंत!

पाऊस नुसता पडून जात नाही, माती बदलतो. कणकुंबी-जांबोटीकडची माती तांबडी. हजारो वर्षं धो धो पाणी झिरपत राहिलं, मातीतली विरघळणारी द्रव्यं धुऊन नेली, मागे उरलं लोखंड. ते गंजलं. होय, तो लाल रंग गंजाचाच, आपल्या जुन्या खिळ्यावरचा असतो तसा. निपाणीची माती काळी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारस पसरला होता, त्याच्या खडकाची ही माती. ओली असताना तिचा गोळा करून बघा, बोटांना लोण्यासारखी चिकटते. उन्हाळ्यात तीच आक्रसते आणि रानात अशा भेगा पडतात की मामाच्या शेतात मी एकदा हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला. (आत कुणी राहत असेल, हा विचार नंतर आला.) पावसाळ्यात ही माती पाणी पिऊन फुगते आणि ओल महिनोन्‌महिने धरून ठेवते. म्हणून तर शाळू, म्हणजे थंडीतली ज्वारी, पाऊस संपल्यावर पेरतात. वरून थेंब पडत नाही, ती खालची ओल पीत वाढते.

आता ताटात बघा. आत्तीकडे भात आणि नाचण्याची भाकरी. भाताला पायाशी पाणी लागतं म्हणून तो खाचरात, नाचणा डोंगराच्या उतारावर. आमच्या वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारात बासमती. त्याचा भात शिजला की चार घरं सोडून वास जातो. भात कापल्यावर त्याच रानात उरलेल्या ओलीवर मसूर येते. आता त्या शिवारात प्लॉट पडायला लागलेत. प्लॉटवर मसूर येत नाही, एवढंच सांगतो. पश्चिमेला बेळगुंदी, उचगावकडे तांबड्या मोकळ्या मातीत रताळी. चिकट काळ्या मातीत रताळ्याला अंग धरायला त्रास होतो.

आणि मामाकडे तंबाखू. ती खायला-ओढायला वाईटच, पण तिचं बी बघण्यासारखं असतं. एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून जास्त! मामानं माझ्या तळहातावर चिमूटभर ठेवलं होतं. मला वाटलं तपकिरी धूळ आहे, आणि मी फुंकर मारली. एक अख्खं शेत उडालं, मामा अजून ऐकवतो. एवढंसं बी थेट रानात टाकलं तर पहिल्याच सरीत वाहून जायचं, म्हणून वाफ्यात तरवा करतात आणि पावसाचा जोर ओसरला की रोपं लावतात. तंबाखूच्या पानावर एक चिकट डिंकासारखा थर असतो, वास बराचसा त्यातलाच. पान तयार झाल्यावर पाऊस आला तर तो धुऊन जातो. म्हणजे ज्या कमी पावसाबद्दल मामा कुरकुरतो, त्यावरच निपाणीच्या वखारी उभ्या आहेत. कणकुंबीत तंबाखू लावली तर पानांचा चहा होईल.

अथणीच्या लोकांनी मग प्यायचं काय? काळजी नको, डोंगर पाऊस अडवतो तसा पाठवतोही. मलप्रभा कणकुंबीलाच उगम पावते आणि पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते. त्याच खानापूर तालुक्यात उगवणारी म्हादई मात्र पश्चिमेला पळते आणि गोव्यात मांडवी होते. जवळजवळ पडलेले दोन थेंब, एकाला समुद्र काही तासांच्या अंतरावर, दुसऱ्याला अख्खा दख्खन ओलांडून बंगालचा उपसागर गाठायचा. अथणीच्या वाट्याला येते ती कृष्णा. तिचं पाणीही सह्याद्रीतच पडलेलं, महाबळेश्वरपासूनचं.

निपाणीजवळून वाहते ती वेदगंगा. ती येते कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगडच्या डोंगरातून. जुलै २०२१ मध्ये तिचं पाणी यमगर्णीजवळ हमरस्त्यावर आलं आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक बंद पडली. ट्रकांच्या रांगा लागल्या, ड्रायव्हरांनी रस्त्याकडेला स्टोव्ह पेटवले.

पाणी ओसरत आलं तेव्हा मामाचा फोन आला. यमगर्णीला पूर बघायला गेला होता. मागून ट्रकांचे हॉर्न ऐकू येत होते.

"इथं आता ऊन पडलंय, छत्री बगलेत धरलीय. आणि पाणी बघ, अजून पुलाला लागलंय! भुदरगडचा पाऊस आला रे आमच्याकडं. ढग तेवढा तिकडंच राहिला."