जुनी पद्मिनी मिळून सांभाळा

बुरोंडीच्या किनाऱ्यावर जुन्या मोटारीचे दुश्मन दोन: खारा वारा आणि पार्टची टंचाई. कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन बंद होऊन दोन दशके उलटली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही २०२३ मध्ये बंद झाली. गेल्या पावसाळ्यात माझ्या गाडीचा पेट्रोल पंप बसला, कापडाचे गठ्ठे अडकले. दापोलीच्या एका पद्मिनीवाल्या भाईंनी जवळचा डायफ्रॅम दिला. मी मुंबईहून नवा आणून परत केला. पद्मिनीवाल्यांनी कोणाकडे कोणता पार्ट आहे याची वही ठेवावी. मुंबईला जाणाऱ्याने सर्वांची यादी न्यावी. पावसापूर्वी गाडीच्या तळाला गंजरोधक रंग द्यावा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण चुकवू नये. उसना पार्ट वेळेवर फेडला, तरच पुढच्या वेळी मिळतो.