कॅल्शियमची गोळी डब्यात ठेवू नका

मी आरोग्यसेविका आहे. वस्तीवर गरोदर बायांची तपासणी करते. कंबर धरते, पायात गोळे येतात, या तक्रारी नेहमीच्याच. यामागे ड जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते, म्हणून ऊन अंगावर घेता का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘हो सिस्टर, रोज कोवळ्या उन्हात बसते.’

कोवळं ऊन सुखावतं, पण त्यातून ड जीवनसत्त्व फारसं मिळत नाही. ज्या अतिनील किरणांमुळे ते त्वचेत तयार होतं, ते साधारण अकरा ते तीनच्या उन्हात भरपूर असतात. बंद काचेतून ते आत येत नाहीत. सावळ्या त्वचेला जास्त वेळ ऊन लागतं. शेतात राबणारी बाईसुद्धा डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली असते. लखनौच्या संजय गांधी संस्थेतील डॉक्टरांचा २००५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की तपासलेल्या सुमारे ८४ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये हे जीवनसत्त्व कमी होतं.

पोटातल्या बाळाला ड जीवनसत्त्व आईच्या रक्तातून, वारेवाटे मिळतं. आईकडेच नसेल तर बाळ कमतरता घेऊनच जन्मतं. आईच्या दुधातही ते फार थोडं असतं. अशा बाळाच्या रक्तातलं कॅल्शियम घसरून झटके येऊ शकतात, पुढे मुडदूस होऊ शकतो. म्हणून बाळालाही डॉक्टर रोज ४०० युनिटचे थेंब देतात.

सरकारी केंद्रात मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमबरोबर २५० युनिट ड जीवनसत्त्वही असतं. चौथ्या महिन्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत ती दिवसातून दोनदा, जेवणानंतर घ्यायची. लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. घरी भेटीला गेले की फडताळातल्या डब्यात या गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या दिसतात. ‘मोठी आहे, घशात अडकते,’ असं बाया सांगतात. मग तिचे दोन तुकडे करून, भरपूर पाण्याबरोबर घ्या. पण सोडू नका.

मेडिकलमधून ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी मात्र स्वतःच्या मनाने आणू नका. ती जास्त झाली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून त्रास होतो. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

सासूबाईंनो, नवरोबांनो, जेवण झालं की सुनेला, बायकोला गोळीची आठवण करून द्या. हिवाळ्यात दुपारी थोडा वेळ तिला अंगणात किंवा गच्चीवर उन्हात बसू द्या. बाळाच्या हाडांची काळजी बाळ जन्मण्याआधीच घ्यावी लागते.