अल्पाकाची शाल आणि सैल वीण

अल्पाका हा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उंच पठारांवर, मुख्यतः पेरू आणि बोलिव्हियात, हजारो वर्षांपासून पाळला जाणारा उंटाच्या कुळातील प्राणी असून त्याची लोकर मेंढीच्या लोकरीहून स्वभावानेच वेगळी असते. मेंढीच्या लोकरीच्या तंतूत नैसर्गिक कुरळेपणा असल्यामुळे ताणलेले विणकाम पुन्हा जागेवर येते. अल्पाकाच्या तंतूत तो कमी असतो, तंतूवरील खवले बसके असतात आणि लॅनोलिन हा मेणचट अंश जवळजवळ नसतोच, म्हणून ही लोकर हाताला मऊ लागते, परंतु एकदा ताणली की बरीचशी तशीच राहते. स्वेटरमध्ये हा दोष ठरतो, कारण बाह्या हळूहळू मनगटाखाली उतरू लागतात. शालीने मात्र खांद्यावरून सळसळत खाली यावे अशीच अपेक्षा असल्याने तिथे हाच गुण होतो.

लडीवर छापलेले ‘बेबी अल्पाका’ हे शब्द काहीसे फसवे आहेत, कारण ती पिलाचीच लोकर असते असे नाही; सुमारे २२ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या बावीसपट, जाडीच्या तंतूंच्या प्रतीला ते नाव आहे. ब्रिटिश अमदानीत वकील-कारकुनांच्या अंगावर दिसणारा अल्पाकाचा कोट याच लोकरीच्या नावाचा असला, तरी ते मागावर विणलेले चकचकीत कापड होते.

सर्वांत सोपी शाल त्रिकोणी. मध्यम जाडीच्या लोकरीसाठी ५ मिलिमीटरची, म्हणजे आपल्याकडील जुन्या मापाने ६ नंबरची, सुई घ्यावी (या मापात नंबर वाढतो तशी सुई बारीक होत जाते, हे नवख्यांना नेहमीच उलटे वाटते). सुईवर तीन टाके घालून प्रत्येक ओळीत पहिला टाका सुलट विणावा, सुईवर लोकरीचा एक वेढा घ्यावा आणि उरलेले सर्व टाके सुलटच विणावेत. वेढ्यामुळे ओळीगणिक एक टाका वाढतो आणि कडेला नाजूक जाळी उमटते. केवळ सुलट विणीत दोन ओळींची उंची साधारण एका टाक्याच्या रुंदीइतकी भरत असल्याने टोकाशी आपोआप काटकोन साधतो. दहा सेंटीमीटरमध्ये सोळा टाके बसत असतील, तर २४० टाक्यांना वरची कड दीड मीटर होते.

लोकरीचा अंदाज मात्र इथेच चुकतो, कारण १२० टाके झाले तरी जेमतेम पाव लोकर संपलेली असते आणि शेवटच्या ओळी उरलेली भराभर गिळतात. टाके बंद करण्यासाठी कडेच्या चौपट, म्हणजे सहा मीटर, धागा राखून ठेवावा, आणि ते अधिक जाड सुईने सैल बंद करावेत. नाहीतर मानेलगतची कड आखडून सगळी शाल चुणते.

विणून झालेली शाल कोमट पाण्यात भिजवून, न पिळता टॉवेलमध्ये दाबून, सपाट जागी टाचण्यांनी ताणून वाळवली की टाके एकसारखे बसतात. दोरीवर टाकल्यास पाण्याच्या वजनाने ती लांबते, गरम पाण्यात चोळल्यास तंतू गुंतून नमद्यासारखी घट्ट होते. कोरडी असतानाही ही लोकर एकदा ताणली की तशीच राहते, म्हणून वापर नसताना शाल हँगरवर न टांगता घडी घालूनच ठेवावी.