जनावरांचे काम करू, जातीचे काम करणार नाही

खेडे म्हणजे जातीचा कोंडवाडा, हे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत परखडपणे मांडले. म्हणूनच आमची पोरे आजही पिशवी उचलून पुण्या-मुंबईकडे निघतात. शहरात जात विचारीत नाहीत, असे त्यांना वाटते. जात विचारतातच, फक्त विचारण्याची तऱ्हा बदलते. खोली देताना आडनाव विचारतात आणि काम देताना 'घरी पूर्वी काय करायचे?' असे विचारतात. हा दुसरा प्रश्न साधा नाही.

आज शहरांत जनावरांशी संबंधित कामे वाढली आहेत. पाळीव कुत्र्या-मांजरांचे दवाखाने निघाले, त्यांना सांभाळणारी केंद्रे निघाली. महापालिकांना भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करावे लागते. त्याचे पहिले नियम २००१ साली आले, २०२३ साली त्यांच्या जागी नवे नियम आले. शेळ्या-गाई सांभाळत वाढलेल्या आमच्या मुलांच्या हाताला हे काम लवकर जमते. पण गावाकडे कळवले की वडीलधारे संतापतात : "बापजाद्यांनी सोडलेली ढोरे तू पुन्हा धरलीस काय?"

हा संताप आम्हाला समजतो. मेलेले ढोर ओढणे हे आमच्या माथी वतन म्हणून मारलेले काम होते. त्याला नकार देण्याची सोय नव्हती. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्याचा आदेश दिला. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा यायला मात्र १९५८ साल उजाडले. इतक्या लढ्यानंतर सुटलेले जोखड पोराने पुन्हा खांद्यावर घ्यावे, हे कोणत्या बापाला रुचेल?

तरीही आम्ही या बापांना नम्रपणे सांगू इच्छितो की, बाबासाहेबांनी सोडायला लावली ती सक्ती आणि लाचारी. जनावरावर उपचार करण्याची विद्या सोडायला त्यांनी कधीच सांगितले नाही. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांबरोबर पशूंच्याही चिकित्सेची व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे. परळच्या ज्या बीआयटी चाळीत बाबासाहेबांनी वर्षानुवर्षे संसार केला, त्याच परळात १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय उभे आहे. त्या दारातून आमची मुले डॉक्टर होऊन बाहेर पडली, तर ती वतनाची परतफेड होईल. प्रश्न जनावराचा नाही. त्या कामात तुम्ही कोणत्या दाराने शिरता, हा प्रश्न आहे.

मागील दारही शहराने उघडेच ठेवले आहे. मराठवाड्यातला एक तरुण आमच्याकडे सल्ल्यासाठी आला. पशुवैद्यकीय पदविका घेतलेला. कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचे काम घेतलेल्या एका कंत्राटदाराकडे तो मदतनीस म्हणून लागला. शस्त्रक्रियेनंतर जखमा पाहणे, औषध देणे, नोंदी ठेवणे हे तो चोख करीत होता. महिन्याभरात त्याच्या जातीची कुजबुज झाली. मग त्याला मेलेली जनावरे उचलणाऱ्या गाडीवर पाठवण्यात आले. कारण विचारले तेव्हा मुकादम म्हणाला, "तुम्हा लोकांना याची सवय असते." पदविका खिशात राहिली आणि जात कामाला लागली! याला आम्ही शहरातले वतन म्हणतो.

कायदा याबाबत मुका नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मेलेली जनावरे उचलायला वा त्यांची विल्हेवाट लावायला भाग पाडणे हा त्या दुरुस्तीनुसार गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचे संरक्षण मिळाले, तेव्हा 'तुम्ही तर बौद्ध' असे म्हणून कुणी हात झटकू शकत नाही. पोलीस ठाण्याने तक्रार नोंदवली नाही तर ती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी. त्याच २०१६ साली गुजरातमधील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या आमच्या बांधवांना फोडून काढले गेले. त्यानंतर तेथील दलितांनी सुरेंद्रनगरला जिल्हाधिकारी कार्यालयासमोर मेलेली जनावरे आणून टाकली. काम न करण्यातही केवढी ताकद असते, हे त्यांनी दाखवून दिले.

२०२५ साली भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गाजला. ११ ऑगस्टचा आदेश निघाला, २२ ऑगस्टला तो बदलला. कुत्री कुठे ठेवावीत, कुठे सोडावीत, यावर वाहिन्यांवर दिवस-रात्र वाद झडले. प्राणीप्रेमी बोलले, प्राण्यांना भ्यालेले बोलले. पण जाळे घेऊन त्या कुत्र्यामागे धावणारा कोण, त्याला चावा बसला तर सुई कोण देणार, हे विचारणारा एकही आवाज आम्हाला ऐकू आला नाही. कुत्र्याला लस टोचली की नाही याची नोंद होते. कुत्रे पकडणाऱ्याला लस मिळाली की नाही, याची नोंद कोण पाहतो?

म्हणून शहरात नव्याने येणाऱ्या आमच्या मुला-मुलींना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. कामाला हात लावण्याआधी नेमणूकपत्र मागा, त्यावर कामाचे स्वरूप लिहून घ्या. नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या असून नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. रेबीजची प्रतिबंधक लस चावा बसल्यावर नव्हे, कामाला लागण्यापूर्वी मागा. हातमोजे आणि गमबूट हे उपकार नाहीत, तो हक्क आहे. चौथी गोष्ट सर्वांत मोठी : मदतनीसावर थांबू नका. नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांत आपल्या राखीव जागा आहेत. नीटच्या गुणांवर पशुवैद्यकीय पदवीला प्रवेश मिळतो, हे आपल्या किती वस्त्यांत ठाऊक आहे? विहारांतून, वाचनालयांतून ही माहिती पोहोचवणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

आणि जो आज कुत्र्यांचे पिंजरे धुतो आहे, त्याला समाजाने हिणवू नये. स्वतः निवडलेले, दाम मिळणारे, शिकून वर जाता येणारे काम हलके नसते. हलके असते ते जातीवरून गळ्यात बांधलेले काम, मग ते गावच्या पाटलाने बांधलेले असो की शहरातल्या कंत्राटदाराने. जनावराला औषध पाजणारा हात आमचा असेल, तर तो ताठ मानेच्या माणसाचा असला पाहिजे. जयभीम!