फुफ्फुसाचं किती काढायचं, किती राखायचं?

५ एप्रिल १९३३. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या बार्न्स हॉस्पिटलमध्ये डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी कॅन्सर झालेलं डावं फुफ्फुस एकाच शस्त्रक्रियेत अख्खं काढलं. रुग्ण स्वतः डॉक्टर होता. तो बरा झाला, कामाला लागला. पुढे १९५७ साली, अनेक वर्षं धूम्रपान केलेले ग्रॅहमच फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेले. त्यांचा रुग्ण त्यांच्या मागेही काही वर्षं जगला.

तेव्हापासून सर्जनपुढे एकच पेच आहे: रोग पुरता निघावा आणि श्वासही पुरावा, यासाठी किती कापायचं?

उजव्या फुफ्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन. प्रत्येक खंडात छोटे सेगमेंट असतात आणि प्रत्येक सेगमेंटला स्वतःची श्वासनलिका, स्वतःची धमनी असते. १९९५ च्या एका अमेरिकी चाचणीत खंडापेक्षा कमी भाग काढलेल्यांमध्ये कॅन्सर त्याच जागी उलटण्याचं प्रमाण सुमारे तिप्पट आढळलं. त्यामुळे पूर्ण खंड काढणं हाच नियम ठरला. पुढे सीटी स्कॅनमध्ये अगदी लहान गाठी सापडू लागल्या. २०२२ मध्ये जपानच्या ११०६ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. फुफ्फुसाच्या कडेच्या भागातली, २ सेंटीमीटरपर्यंतची गाठ असलेले हे रुग्ण होते. पाच वर्षांनी सेगमेंट काढलेले ९४.३ टक्के, तर खंड काढलेले ९१.१ टक्के रुग्ण हयात होते. मात्र फुफ्फुसात किंवा जवळपास रोग उलटण्याचं प्रमाण सेगमेंटवाल्यांत जवळजवळ दुप्पट होतं. म्हणून गाठीभोवती निरोगी पेशींची पुरेशी कड घेणं आणि लिम्फ नोड तपासणं टाळता येत नाही.

सेगमेंटची सीमा डोळ्यांना दिसत नाही. सर्जन आधी त्याची धमनी बंद करतात, मग शिरेतून इंडोसायनिन ग्रीन हे रंगद्रव्य देतात. विशेष कॅमेऱ्यात रक्त पोहोचलेला भाग उजळतो, बंद केलेला सेगमेंट काळाच राहतो. त्या सीमेवरून स्टेपलर चालतो. हे सारं बरगड्या न फाकवता, छोट्या छेदांतून, दुर्बिणीने किंवा रोबोटच्या मदतीने करता येतं. गाठ मोठी असेल, तर निवडक रुग्णांना आधी केमोथेरपीसोबत इम्युनोथेरपी देऊन मग शस्त्रक्रिया करतात.

पण इतकं बारीक काम रोग लवकर सापडला तरच शक्य होतं. आपल्याकडे एक्स-रेवरचा डाग पाहून टीबी समजून औषधं सुरू होतात आणि मोलाचे महिने निघून जातात. खोकला हटत नसेल, थुंकीतून रक्त पडत असेल, टीबीच्या औषधांनी फरक पडत नसेल, तर सीटी स्कॅन आणि गरज पडल्यास बायोप्सीचा आग्रह रुग्णाने आणि घरच्यांनी धरायलाच हवा.