जीपचा फाळका

घाटातून उतरणारी जुनी जीप दिसायच्या आधी ऐकू येते. इंजिनाची घरघर नंतर, आधी मागचा खडखडाट. गाडीत बसलेल्या नवख्याला वाटतं, खालून काहीतरी निसटलं. मिस्त्री मान वर न करताच सांगतो, "फाळका वाजतोय." बहुतेक वेळा त्याचं खरं निघतं.

माल भरताना खाली पाडायचा आणि भरून झाला की वर उचलून अडकवायचा, तो मागचा आडवा पत्रा म्हणजे फाळका. ट्रक-टेम्पोवाल्यांचा हा शब्द जीपलाही चिकटला. गंमत अशी, की मूळ जीपला फाळका नव्हताच. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून 6 लाखांहून जास्त जीप बनवल्या. त्यांची मागची बाजू सरळ बंद होती. तिच्यावर स्टेपनी आणि पेट्रोलचा डबा लटकवलेला. सैनिक बाजूनं उडी मारून चढायचा, त्याला मागच्या दाराचं काय काम?

युद्ध संपत आलं तसा विलीजला शेतकरी दिसू लागला. 1945 मध्ये ओहायोतल्या टोलेडोच्या कारखान्यातून सीजे-2ए ही नागरी जीप बाहेर पडली. तिचे दिवे मोठे झाले, पुढच्या जाळीच्या नऊ फटींच्या सात झाल्या. पण मला त्या सगळ्यांत महत्त्वाचा बदल मागचा वाटतो. स्टेपनी उजव्या कुशीला सरकवली आणि तिच्या मोकळ्या जागी फाळका बसवला. त्याच्या पत्र्यात विलीजची अक्षरं ठसठशीत उठवलेली होती. बियाणं, कुंपणाच्या तारा, वासरू असं काहीही आता मागून चढवता येऊ लागलं. लष्करी गाडीची शेतगाडी झाली ती इथे.

आपल्याकडे जीप आली ती सुट्या भागांच्या खोक्यांतून. 1945 मध्ये सुरू झालेली महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी 1948 मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा झाली. भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. इकडे मुंबईत माझगावला विलीजच्या जीप जोडल्या जाऊ लागल्या. मग उंच बॉनेटची सीजे-3बी आली. टोलेडोनं ती 1968 मध्ये बंद केली, महिंद्रानं मात्र पुढेही चालू ठेवली. म्हणून पोलीस, वनखातं, पाटबंधारे, साखर कारखाने, सगळीकडे तोच चेहरा आणि तोच फाळका दिसायचा.

रचना पाहिली तर हसू येईल इतकी साधी. सुमारे 18 गेजचा, म्हणजे सव्वा मिलीमीटरच्या आसपासचा पत्रा. कडा दुमडलेल्या, ताठपणासाठी मधे उठाव. खाली बिजागऱ्या, दोन्ही बाजूंना साखळी आणि हुक. उघडला की फाळका साखळ्यांवर आडवा तोलला जातो. मोडायला यात आहे काय, असं वाटतं.

पण माणसं त्यावर बसतात. सातारा-सांगलीकडच्या वडापमध्ये, म्हणजे खासगी प्रवासी जीपमध्ये, तर उघडा फाळका म्हणजे हक्काची जास्तीची सीट. दोन गडी त्याच्या टोकाला बसले, की सव्वाशे-दीडशे किलोंचा भार साखळीच्या कोंडीवर आणि बिजागरीवर येतो, तोही प्रत्येक खड्ड्यागणिक हिसका देत. कोंडीभोवतीच्या पत्र्याला केसाएवढी चीर जाते. बिजागरीचं गोल भोक हळूहळू अंड्यासारखं होतं. त्यात दुधाच्या कॅनचे ठोके, युरियाच्या फाटक्या गोणीतून सांडलेले दाणे आणि कोकणातली खारट हवा. खालच्या दुमडीत पाणी साचतं आणि पत्रा आतून गंजतो. बाहेरचा रंग शेवटपर्यंत शाबूत दिसतो, हा त्यातला खरा दगा. शिवाय हौशी मालक रुबाबासाठी स्टेपनी फाळक्यावर टांगतात. ज्या स्टेपनीला हलवून ही जागा मोकळी केली, तीच 20-25 किलोंचं ओझं घेऊन परत येते.

पुण्याच्या नाना पेठेत मोटारींच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. तयार नवा फाळका मिळवून देणारा माणूस तिथे शोधला तर सापडतो. कुर्ल्याच्या भंगार बाजारात जुनाही हाती लागू शकतो. जगभरातल्या जीपवेड्यांसाठी अख्खी बॉडी नव्यानं करून देणारी एम. डी. हुआन ही कंपनी फिलिपिन्सची, म्हणजे जीपवरून घडवलेल्या जीपनी गाड्यांच्या देशातली. तेव्हा जुना फेकावा, नवा लावावा, प्रश्न मिटला, असं मालकाला वाटतं. मीही तसंच समजत होतो.

मिस्त्री आधी लोहचुंबक फिरवतो. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं खालची दुमड टोचून बघतो. आणि त्यानंतर फाळका बाजूला ठेवून टेप काढतो ती फाळक्यासाठी नाही, गाडीच्या उघड्या तोंडासाठी. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत, मग उलट. दोन्ही कर्ण सारखे आले तर तोंड काटकोनात आहे. माझ्यासमोर मोजलेल्या जीपमध्ये बोटभर फरक निघाला.

याचं कारण खाली असतं. जुन्या बॉडीत फरशीखालच्या पन्हळीत लाकूड भरलेलं असे. ते ओल धरतं, भोवतालचं लोखंड खातं आणि मागचा भाग एका अंगाला बसतो. जुना फाळका त्या तोंडाबरोबरच वाकडा झालेला असतो, म्हणून तो कसाबसा लागतो. नवा कोरा आणि चौकोनी असतो. तो एका कोपऱ्यात घासतो, दुसरीकडे करंगळी जाईल एवढी फट ठेवतो. मालक दुकानदाराला शिव्या घालतो. माझ्या मते दहातल्या सहा शिव्या तरी चुकीच्या पत्त्यावर जातात.

म्हणून आधी बॉडी. गाडी सपाट जागेवर, चारही चाकांवर उभी हवी. एका कोपऱ्यात जॅक लावला तर सांगाडा पिळवटतो आणि मापं खोटी येतात. गंजलेल्या पन्हळी बदलायच्या, जॅकनं तोंड हळूहळू ताणून कर्ण जुळवायचे. मगच फाळका. पत्रा नुसता चेपला असेल, कड शाबूत असेल, तर मागे डॉली (लोखंडी ठोकळा) धरून हातोडीनं ठोकून काढायचा. ताणून फुगलेल्या जागी गॅसनं लहानसा ठिपका लाल करायचा, भोवती ठोकायचं आणि ओलं फडकं दाबायचं. पत्रा आकसतो. खालची दुमड सडली असेल तर ती पट्टीच कापून नवी वाकवून जोडायची, पण सलग वेल्डिंग कधीच नाही. इथे एक टॅक, तिथे एक टॅक, मधे थंड होऊ द्यायचं, नाहीतर पत्र्याला लाटा येतात. जस्ताचा पत्रा वापरण्याचा मोह होतो. वेल्डिंगच्या वेळी त्याचा पांढरा धूर छातीत गेला, की रात्री थंडी वाजून ताप. ते जस्त आधी घासून काढावंच लागतं.

बिजागरीचं अंडाकृती भोक पितळी झाळ देऊन भरायचं, पुन्हा गोल पाडायचं आणि ब्राइट बारची नवी पिन घालायची. हुकांची झीज वेल्डिंगनं भरून कानशीनं घासायची. रंगाआधी फाळका टांगून, बंद करून दोन्हीकडची फट पाहायची. आणि दुमडीत पाणी निघायला भोकं ठेवायची. रंगारी ती लांबीनं बुजवतो, त्याला दोनदा सांगावं लागतं.

दुमड, बिजागऱ्या आणि कोंडी तिन्ही गेली असतील तर नवा घ्यावा, त्यात कमीपणा नाही. एखादंच गेलं असेल आणि अक्षरं उठावाची, मूळची असतील, तर जुनाच राखावा. नव्या पत्र्यावरची अक्षरं पुष्कळदा उथळ, बोथट असतात.

शेवटी साखळ्या. माझ्यासमोर मोजलेल्या त्या जीपला मिस्त्रीनं सायकलची जुनी ट्यूब कापून दोन्ही साखळ्यांवर चढवली, म्हणजे त्या रंग ओरबाडणार नाहीत आणि वाजणारही नाहीत. फाळका उचलला, हुक अडकवले, हातानं दोनदा हलवून पाहिलं. मालकानं गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली, स्पीडब्रेकरवरून उडवली आणि परत आणली. फाळका गप्प होता. आता बॉनेटचा हुक वाजत होता.